आकाशनिरीक्षण मंडळ आणि आपला समाज

(समाजाच्या नंदुरबार येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या संमेलनात दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वधूवर सूची प्रसिद्ध होते आणि एखाद्या उपयुक्त विषयावर कोणा जाणत्याचे व्याख्यान होते. यंदा व्याख्यानाची कामगिरी कार्यकारी मंडळाने मजवर सोपविली, हा त्यांचा लोभ होय. मी पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून, पुढे शिक्षकाची पदविका घेऊन ३४ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविलेला एक निवृत्त शिक्षक, एवढीच माझी योग्यता. म्हणून ज्याचा मला स्वतःला अनुभव आहे असाच विषय मी निवडला आहे. सेवानिवृत्तीनंतर मी आमच्या गावातील एका लहानशा आकाशनिरीक्षण मंडळाचा सभासद झालो. आपल्या समाजाच्या प्रत्येक घरातून एक तरी माणूस अशा मंडळात जावे, आणि त्यातही मुलींनी जावे, असे माझे मत झाले आहे. ते का झाले, एवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. मंडळाचे नाव निघाले की, "गुरुजी, आमच्या मुलाची पत्रिका पाहता का?" असे विचारणारी माणसे मला वारंवार भेटतात. पत्रिका पाहणे हे आमचे काम नाही. आम्ही प्रत्यक्ष आकाश पाहतो. आपल्या पूर्वसूरींनी ज्योतिषाचे तीन स्कंध मानले आहेत : गणित, संहिता आणि होरा. ग्रह आज कोठे आहे, ग्रहण केव्हा लागेल, हे ज्याच्या योगाने कळते ते गणित. जन्मवेळेवरून माणसाचे भविष्य सांगू पाहते ती होरा. आमच्या मंडळाचा संबंध पहिल्याशी आहे. गणिताने सांगितलेली गोष्ट रात्री अंगणात उभे राहून डोळ्यांनी पडताळता येते, हा त्यातील मोठा गुण होय.

अशी मंडळे आपल्या महाराष्ट्राला नवी नाहीत. पुण्यात २२ ऑगस्ट १९४४ रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची देशातील सर्वांत जुनी संस्था म्हणून ती ओळखली जाते. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. तशा दिवसांतही काही मंडळींना एकत्र बसून तारे पाहावेत असे वाटले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे १९८५-८६ साली हॅलेचा धूमकेतू आला. तो पाहण्याच्या उत्साहातून मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले. त्याचे सभासद कर्जतच्या वाटेवरील वांगणी येथे जाऊन अवघी रात्र आकाशाखाली काढीत. हा धूमकेतू सुमारे ७६ वर्षांनी परततो. आता तो २०६१ साली येईल. आज आपल्या मांडीवर खेळणारी नातवंडे तो पाहतील, आणि त्या वेळी तो कोणत्या दिशेस शोधावा हे त्यांस ठाऊक असावे, एवढी तजवीज आपण आजच करू शकतो.

आमचे मंडळ त्या मानाने अगदी लहान. दहाबारा नियमित सभासद. त्यांत एक वीज मंडळातील तंत्रज्ञ, एक परिचारिका, एक घड्याळे दुरुस्त करणारे गृहस्थ, दोन शेतकरी, काही महाविद्यालयीन मुले आणि मजसारखे एकदोन पेन्शनर. अमावास्येच्या जवळच्या शनिवारी आम्ही गावाबाहेरील एका शेतात जमतो. सहा इंची आरशाची एक दुर्बीण आहे, ती पाळीपाळीने सर्वांस मिळते. विजेरीला तांबडा कागद लावावयाचा आणि भ्रमणध्वनी खिशातून काढावयाचा नाही, हा नियम. कारण अंधाराला डोळे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका पांढऱ्या झोताने ती सर्व तपश्चर्या फुकट जाते. एक वही आहे. तीत तारीख, वेळ, आकाशाची स्थिती आणि काय दिसले, हे ज्याने पाहिले त्यानेच लिहावयाचे. ऐकीव गोष्ट वहीत चढत नाही.

दुर्बीण नसली तरी अडत नाही. नक्षत्रे ओळखावयाची ती नुसत्या डोळ्यांनीच. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की आकाशात सुमारे दहा अंशांचे माप मिळते. आपल्या नंदुरबारचे अक्षांश सुमारे २१, म्हणून ध्रुवतारा येथे उत्तर क्षितिजापासून दोन मुठी वर दिसतो. माघ-फाल्गुनात संध्याकाळी दक्षिणेस दीड मूठ उंचीवर अगस्ती तळपतो. २७ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला सूर्य आपल्या बरोबर माथ्यावर येतो आणि अंगणात उभ्या केलेल्या काठीची सावली नाहीशी होते. याला एक पैही खर्च नाही. घरातल्या लहान मुलांना घेऊन एकदा करून पाहावे.

कोणी म्हणेल, हे सारे विद्वानांचे विषय, आपण साध्या माणसांनी त्यात का पडावे? याचे उत्तर आपल्या खानदेशाच्या इतिहासातच आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने इ. स. १२०७ मध्ये चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापन केला. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. म्हणजे ८०० वर्षांपूर्वी आकाशाचे गणित शिकविणारे एक विद्यापीठच आपल्या मुलुखात होते.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ सालचा, कोकणातील मुरूडचा. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, व्यवसाय शिक्षकाचा. निरनिराळ्या गावी बदल्या होत होत ते धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्येही शिकवीत होते. आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा होईपर्यंत धुळ्याचाच भाग होता, तेव्हा त्यांस आपल्या भागातले गुरुजी म्हणण्यास हरकत नाही. या मॅट्रिक झालेल्या शिक्षकाने शाळा सांभाळून भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला. तो १८९६ साली प्रसिद्ध झाला आणि आजही विद्वान तो प्रमाण मानतात. अवघ्या पंचेचाळिशीच्या आत, १८९८ साली, ते निवर्तले.

बंगालमधील राधा गोविंद चंद्र यांची हकीकतही अशीच. ते प्रवेश परीक्षेत पुनःपुन्हा अनुत्तीर्ण झाले आणि सरकारी खजिन्यात साध्या नोकरीस लागले. ज्यांचे तेज कमीजास्त होते अशा ताऱ्यांची त्यांनी आयुष्यभर घरून निरीक्षणे केली आणि अमेरिकेतील निरीक्षकांच्या संस्थेकडे पाठविली. त्यांची संख्या ३७,००० च्या वर गेली. त्या संस्थेने त्यांस एक दुर्बीण पाठवून दिली. तेव्हा पदवी नाही म्हणून आकाश कोणाला बंद नाही.

आता आपल्या चालीरीतींकडे पाहू. पाऊस मोजण्याची आपली भाषा नक्षत्रांची. "मृग लागला", "आर्द्रा कोरड्या गेल्या", "हस्ताने झोडपले" असे आपण म्हणतो. परंतु मृगाचे तारे कोणते, असे मी अनेकांस विचारले, तर शंभरांत पाच जणांनाही ते दाखविता येत नाहीत. यात त्यांचा दोष नाही. जूनच्या ७-८ तारखेस मृग लागतो याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रात शिरतो. सूर्याच्या तेजात ते नक्षत्र त्या दिवसांत दिसूच शकत नाही. मृग पाहावयाचा तर पौष-माघात, जेवणखाण आटोपल्यावर अंगणात यावे.

लग्नातील अरुंधतीदर्शनाचेही तसेच. सप्तर्षींतील वसिष्ठाच्या अगदी शेजारी अरुंधतीचा बारीक तारा आहे. ती जोडी वधूवरांस दाखवावी, असा आपला सुंदर संस्कार. सांप्रत आपले मुहूर्त बहुधा दुपारचे. भटजी मांडवाच्या छताकडे बोट दाखवितात आणि वधूवर विजेच्या दिव्यांना नमस्कार करतात. लग्नानंतरच्या एखाद्या रात्री नव्या जोडप्याला गच्चीवर नेऊन खरी अरुंधती दाखविली, तर तो संस्कार खऱ्या अर्थाने पार पडेल.

आता ग्रहण. २२ जुलै २००९ रोजी, दिव्याच्या अवसेला, खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सुरतेवरून इंदूर-भोपाळकडे गेला आणि आपला नंदुरबार त्या पट्ट्यात होता. सूर्योदयानंतर थोड्याच वेळाने, पावसाळी ढगांच्या आड, उजाडलेल्या दिवसाची पुन्हा रात्र झाली. एखाद्या ठिकाणी असा योग पुन्हा येण्यास सरासरी तीनशेहून अधिक वर्षे लागतात. आणि आमच्या आळीत काय चालले होते? दारेखिडक्या बंद, आणि ज्या घरी गरोदर सून होती त्या घरी तिला सुरी धरू नको, कूस बदलू नको, पाणी पिऊ नको म्हणून भिववून एका जागी निजवून ठेवलेले. चंद्र तर प्रत्येक अमावास्येला पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधल्या बाजूस येतो. ग्रहणात तो नेमका आड येऊन आपल्यावर सावली टाकतो, एवढाच काय तो फरक. त्या सावलीने पोटातील गर्भाला काही होत नाही. उपाशी-तहानलेले ठेवल्याने मात्र आईला त्रास होतो. जपावयाचे ते डोळ्यांना. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी, धुरकटलेल्या काचेतून किंवा एक्स-रेच्या फिल्ममधून कधीही पाहू नये. खास चष्मा घ्यावा, नाहीतर पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून सूर्याची प्रतिमा भिंतीवर पाडावी. २ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्या भागातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसावयाचे आहे. त्या दिवशी आपल्या घरांतील सुना कोंडलेल्या नसाव्यात, इतके तरी आपण ठरवू या.

यानंतर ज्या गोष्टीसाठी मी हा सर्व विस्तार केला तिच्याकडे वळतो. ती काहींस कडू लागेल. वयाचा मान ठेवून ऐकून घ्यावी.

जानेवारी २०२५ मध्ये मंगळ पृथ्वीच्या जवळ आला होता. आमच्या मंडळाने तो सर्वांस दाखविला. दुर्बिणीतून एक लहानशी नारिंगी चकती दिसते. हवा स्थिर असेल तर तिच्या टोकाशी बर्फाचा पांढरा ठिपकाही दिसतो. बघणाऱ्यांच्या रांगेत आपल्याच समाजातील एक कन्या होती. शिकलेली, नोकरी करणारी, स्वभावाने गोड. तीन ठिकाणी तिची पसंती झाली आणि तिन्ही ठिकाणी, "मुलीला मंगळ आहे," म्हणून निरोप आला. ती बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून होती. मग मागे सरून हळूच म्हणाली, "गुरुजी, हाच का तो?" माझ्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हते. आज या व्यासपीठावरून मी ते देणार आहे.

मंगळ हा पृथ्वीच्या सुमारे निम्म्या व्यासाचा, दगडधोंड्यांचा आणि तांबड्या धुळीचा गोल आहे. सूर्याभोवती फिरण्यास त्याला ६८७ दिवस लागतात. २७ ऑगस्ट २००३ रोजी तो आपल्यापासून सुमारे ५ कोटी ५८ लक्ष किलोमीटरवर आला होता. सूर्याच्या पलीकडे गेला म्हणजे हेच अंतर ४० कोटींपर्यंत जाते. अंतरात सातपटींचा फरक पडतो, पण पत्रिकेच्या मंगळदोषात त्या अंतराला काडीचीही जागा नाही. आपल्या देशाने ५ नोव्हेंबर २०१३ रोजी यान सोडले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाच्या कक्षेत पोहोचविले. ते यान २०२२ पर्यंत आपल्याशी संपर्कात होते. त्या कामात आपल्या देशाच्या लेकींनी मोठा वाटा उचलला. ज्या मंगळाच्या वाटेचा हिशेब त्यांनी मांडला, त्याच मंगळाच्या नावाने आपण आपल्या लेकींना दारातून परत पाठवितो.

मी प्राथमिक शिक्षक. माझा हिशेबही प्राथमिकच. पत्रिकेची घरे बारा. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ आला की दोष मानतात. बारांपैकी पाच घरे. लग्नराशी सरासरी दर दोन तासांनी बदलते आणि मंगळ एका दिवसात या घरांतून फिरून जातो. म्हणजे कोणत्याही दिवशीच्या चोवीस तासांपैकी सुमारे दहा तासांत जन्मलेले प्रत्येक मूल, मुलगा असो वा मुलगी, मंगळाचे ठरते. या सभेत बारा माणसे मोजली तर त्यांत पाच मंगळाची निघतील. आपल्या आजी-आजोबांचीही तीच गत होती. त्यांतील कित्येकांची पत्रिकाच कधी मांडली गेली नव्हती आणि त्यांनी पन्नास-साठ वर्षे संसार केले.

पत्रिकेचीही एकदा परीक्षा झालेली आहे. ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह २००८ साली दोनशे मुलांच्या पत्रिका जमविल्या. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. त्यांतील चाळीस-चाळीस पत्रिका ज्योतिष्यांकडे देऊन, कोणती हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची एवढेच ओळखावयास सांगितले. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे पाठविली. बरोबर आलेल्या उत्तरांचे प्रमाण शेकडा ४६ भरले. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी शेकडा पन्नास बरोबर आली असती. जी पद्धत झालेली गोष्ट ओळखू शकली नाही, तिच्या भरवशावर एखाद्या मुलीच्या होऊ घातलेल्या संसाराला आपण नकार द्यावा काय, याचा विचार प्रत्येक वरपित्याने करावा.

कोणी म्हणेल, गुरुजी धर्माविरुद्ध बोलतात. मी धर्माविरुद्ध बोलत नाही. मी नित्य देवपूजा करतो आणि तोरणमाळची गोरखनाथाची यात्राही मला प्रिय आहे. किंबहुना माझ्या ध्यानात असे आले आहे की, आपल्या यात्रा आकाश पाहण्यास अगदी सोयीच्या आहेत. तोरणमाळची यात्रा महाशिवरात्रीची, म्हणजे माघ वद्य चतुर्दशीची. अस्तंब्याची यात्रा दिवाळीची. दोन्ही वेळी चंद्र जवळजवळ नसतोच. सातपुड्यात तोरणमाळला शहरांचा उजेड फारसा पोहोचत नाही. तेथे अशा रात्री आकाशगंगा इतकी स्पष्ट दिसते की, प्रथम पाहणारास ते ढग वाटावेत. दिवाळीच्या सुमारास देवयानीतील अंधूक ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो वस्तुतः दुसरी आकाशगंगा असून तेथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यावयास सुमारे २५ लक्ष वर्षे लागली आहेत. पुण्या-मुंबईची मंडळी अशा काळोखासाठी कोसच्या कोस जातात; आपल्या दाराशी तो फुकट आहे.

मुलींना रात्री कसे पाठवावे, ही आयाबहिणींची शंका रास्त आहे. तिचे उत्तर असे की, पाठवू नका, बरोबर या. आमच्या मंडळात माझी नात येते, तिची आई येते, शेजारच्या दोन काकूही येऊ लागल्या आहेत. गावाजवळील बैठक रात्री दहाला संपते. आणि आणखी एक सांगतो. तेथे कोणी कोणास जात विचारीत नाही. आपण येथे समाज म्हणून एकत्र येतो ते एकमेकांस आधार द्यावा म्हणून; तेथे सर्व समाजांची माणसे एका दुर्बिणीपुढे रांगेने उभी राहतात, आणि शनीची कडी पाहून प्रत्येकाच्या तोंडून निघणारा उद्गार सारखाच असतो. आपल्या मुलांनी दोन्ही ठिकाणी वाढावे.

माझे बोलणे संपविण्यापूर्वी कार्यकारी मंडळापुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली, येत्या हिवाळ्यात अमावास्येच्या सुमारास तोरणमाळ येथे कुटुंबांसह एका रात्रीची सहल काढावी. तारे दाखविण्याची जबाबदारी आमचे मंडळ घेईल. दुसरी, समाजाच्या वाचनालयात एक चांगली दोन डोळ्यांची दुर्बीण आणि मराठी तारानकाशे ठेवावेत, म्हणजे मुले ती पुस्तकासारखी घरी नेऊ शकतील. तिसरी विनंती सर्वांत लहान आहे. तिला खर्च मुळीच नाही. आपल्या वधूवर सूचीत शिक्षण, नोकरी आणि उंची यांच्या पुढे "मंगळ आहे किंवा नाही" असा एक रकाना छापलेला असतो. पुढील वर्षीच्या सूचीतून तो रकाना काढून टाकावा. ज्यांस पत्रिका पाहावयाची आहे त्यांस कोणी अडवीत नाही. परंतु समाजाने आपल्या खर्चाने आणि आपल्या नावाने आपल्याच मुलींवर तो शिक्का मारू नये.

फेब्रुवारी २०२७ मध्ये मंगळ पुन्हा पृथ्वीजवळ येईल. तेव्हा आमच्या शेतातील दुर्बीण सर्वांसाठी मोकळी असेल. ज्यांस माझे म्हणणे पटले नाही त्यांनी तर अवश्य यावे, आपल्या डोळ्यांनी तो गोल पाहावा आणि वहीत आपल्या हस्ताक्षरात दोन ओळी लिहाव्यात.